बंद जिनिंगचं सांस्कृतिक केंद्र: अकरा कोटीचं इस्टिमेट जरा बाजूला ठेवून बोलू

प्रश्न थोडक्यात असा आलाय. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर साडेतीन एकरात जुनी जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, पंचवीसेक वर्षं बंद. दोन लांब शेड, गाठींचं एक गोदाम, विटांचं धुराडं, विहीर आणि हौद. नगरपालिका जागा द्यायला तयार आहे म्हणायलेत, गावात पोरांचं नाटकाचं मंडळ आहे, वाचनालय आहे, आणि एका आर्किटेक्टनं अकरा कोटीचं इस्टिमेट आणि थ्रीडी चित्रं दिलीत ज्यात धुराड्याला निळे लाईट लावलेत. "सोलर, पावसाचं पाणी, सगळं पर्यावरणपूरक करायचंय, सुरुवात कुठून करावी?"

माझी ओळख एवढीच की मी स्ट्रक्चरल इंजिनियर, किल्लारीच्या भूकंपानंतर तिकडच्या पुनर्वसनाच्या कामावर ज्युनियर म्हणून गेलो तिथून हातोडी घेऊन जुन्या भिंती ठोकायची सवय लागली ती लागलीच. वाडे, गढ्या, दोन जिनिंग, एक तेलमिल एवढं काम केलंय. त्यातलं एक फसलं, तेही पुढं सांगतो.

अशा जागेवर गेलो की मी पहिला प्रश्न विचारतो, इथं साध्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता कोण असणार? उद्घाटनाला मंत्री येतील, पहिल्या महिन्यात सगळं गाव येऊन फोटो काढून जाईल, दिवाळी पहाट होईल, पण मंगळवारी? ह्याचं उत्तर मिळेपर्यंत मी टेप बाहेर काढत नाही, कारण मराठवाड्यात बांधून बंद पडलेली सभागृहं मी एवढी बघितलीत की आणखी एकाला हातभार लावायची इच्छा नाही. बांधायला पैसा मिळतो हो, कुठल्या ना कुठल्या हेडखाली मिळतो. तिसऱ्या वर्षीचं लाईट बिल कुठल्याच हेडखाली बसत नाही.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. आधी जागा वापरायला घ्या, मग दुरुस्त करा, आणि बांधायचं राहिलंच तर सगळ्यात शेवटी बांधा.

वापरायला घ्या म्हणजे काय ते सांगतो. आम्ही एका जिनिंगच्या कामात पहिल्या वर्षी शेडला हात लावला नाही, फक्त मोकळं पटांगण साफ केलं, जिथं पूर्वी कापसाच्या गंज्या लागायच्या, आणि संक्रांतीनंतर एक भारुडाचा कार्यक्रम ठेवला. स्टेज कुठं टाकायचं ते मी नकाशावर आखून आणलं होतं, मागं दगडी भिंत, समोर लोक, दिसायला एकदम झकास. आम्ही फळ्या टाकायलो तर कुंपणापाशी एक म्हातारी येऊन उभी राहिली, तिनं तिथं तीस वर्षं रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकला होता, तोंडाला फडकं बांधून. बघत बघत म्हणली, "सायब, हितनं आवाज समदा रस्त्यावर जाईल, वारं ह्या अंगाचं हाय, आमी रुई कुठं उडायची ते बगायचो." म्हणलं मावशी, मग कुठं टाकू? तिनं पटांगणाच्या पार दुसऱ्या टोकाला बोट दाखवलं. तिथं टाकलं, आणि माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. पुढं कायमचा रंगमंच तिथंच झाला. ही माहिती मला कुठल्याच सर्व्हेत मिळाली नसती. तुमच्या गावात पण अशा मावश्या असतील, हमाल असतील, फिटर असतील, ते आहेत तोवर त्यांना आत बोलवा, चहा पाजा आणि काय कुठं होतं ते दाखवायला सांगा. मोबाईलवर रेकॉर्ड करा. उद्या तुमच्याकडं एखादं दालन झालं तर तेच त्यातलं खरं सामान.

हे काय मी एकट्यानं शोधलेलं नाही. ब्राझीलमध्ये साओ पाउलोला लोखंडी पिंपं बनवायची एक बंद फॅक्टरी होती, तिचं केंद्र करायचं काम लीना बो बार्दी या आर्किटेक्ट बाईंकडं आलं. त्या बघायला गेल्या तर शेडमध्ये आधीच पोरं फुटबॉल खेळायली, आया दाराशी खायचं बनवायल्या. बाईंनी ठरवलं की हे जे चाललंय तेच चालू राहिलं पाहिजे. विटांचे शेड ठेवले, आत वाचायला जागा, वर्कशॉप, नाटकाचं थिएटर केलं, १९८२ ला सुरू झालं आणि आजही भरलेलं असतं. सेस्क पोम्पेया म्हणतात त्याला. प्रेझेंटेशनमध्ये लोक लंडनचं टेट मॉडर्न दाखवतात, पॉवर स्टेशनचं म्युझियम झालेलं, पण आपल्या तालुक्याला ते माप लागू नाही, पोम्पेयाचं थोडंफार लागू आहे. फक्त एक गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे सेस्क ही संस्था तिथल्या व्यापारी आस्थापनांच्या पगारावर बसणाऱ्या सक्तीच्या वर्गणीतून चालते. म्हणजे दर महिन्याला पैसा येतोच. तुमच्याकडं तो झरा नाही, म्हणून तुम्हाला मंगळवारचा हिशोब जास्त कडक करावा लागणार.

आता कागद. हे कंटाळवाणं आहे पण इथंच बहुतेक जण अडकतात. जागा "नगरपालिकेची" आहे असं सगळे म्हणतात, तुम्ही स्वतः सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड काढा. सहकारी संस्थेची जिनिंग असेल तर ती अवसायनात (संस्था गुंडाळायच्या प्रक्रियेत) आहे का, बँकेचा बोजा आहे का, कामगारांची देणी राहिलीत का हे बघा, देणी राहिलेल्या जागेवर गाणं-बजावणं सुरू केलं तर गाव तुमच्या विरोधात जातं आणि बरोबरच जातं. आपल्याकडं निजामाच्या काळातल्या जमिनी आहेत, वर्ग दोन (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी) निघू शकते, इनामी निघू शकते, वक्फची निघू शकते, तेव्हा १९५४ च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीपर्यंत, मागं जा. जुने कागद उर्दूत असतील तर गावातल्या एखाद्या जुन्या मास्तरांकडून वाचून घ्या, अंदाजानं चालू नका. विकास आराखड्यात ती जागा औद्योगिक दाखवलेली असेल तर वापर बदलावा लागेल, तो एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली, त्याला वेळ लागतो म्हणून अर्ज आजच टाका. आणि करार लांबचा घ्या, तीस वर्षांच्या आसपास, रजिस्टर केलेला. ११ महिन्यांच्या कागदावर एक वीटही लावू नका. सीएसआरवाले, म्हणजे कंपन्यांचा समाजकामाचा पैसा देणारे, पहिल्यांदा तेच विचारतात. वारसा आणि कला हा विषय कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात बसतो, त्यामुळं अर्ज करायला आडकाठी नाही, पण जागा किती वर्षं तुमच्या ताब्यात आहे ह्याला उत्तर लागतं.

कागद चालू असताना एक काम मात्र लगेच करा. भंगारवाल्याला गेटच्या बाहेर ठेवा. रेचे, प्रेस, लाईनशाफ्टच्या पुल्या, मोठा वजनकाटा, भोंगा, काय असेल ते फोटो काढून, नंबर टाकून यादी करा. आमच्या तेलमिलला आम्ही पोचायच्या आधीच "जागा मोकळी करून देतो" म्हणून कुणीतरी उदारपणा केला होता, चार लाखाचं भंगार गेलं आणि उरलेल्या चार भिंती बघून कुणालाच कळेना की हिथं नेमकं काय होत होतं. १७० किलोची एक गाठ कशी बांधली जाते हे पोरांना प्रेस दाखवून दोन मिनिटात सांगता येतं, बोर्ड लिहून नाही सांगता येत.

आता इमारत. जिनिंगची इमारत वाचायला शिका, ती उगं तशी बांधलेली नाही. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे झाली आणि जालना, सेलू, परभणी, नांदेड ह्या पट्ट्यात स्टेशनाच्या अंगाला जिनिंग उभ्या राहायला लागल्या. कापूस कोरडा राहिला पाहिजे म्हणून जोतं उंच, फुफाटा बाहेर गेला पाहिजे म्हणून माथ्यावर हवेची फट, गाड्या आत आल्या पाहिजेत म्हणून मधी खांब नाहीत, आणि आगीची भीती म्हणून हौद. बघा, उंच जोतं, वारा, बिनखांबाची लांब जागा आणि पाण्याचा साठा, नाट्यगृहवाला जे पैसे देऊन बांधून घेतो त्यातलं अर्धं तुमच्याकडं उभंच आहे. तुमच्या थ्रीडीमध्ये माथ्यावरची फट बंद करून एसी दाखवलाय, तिथंच माझा त्या इस्टिमेटवरचा विश्वास उडाला.

भिंतीचं बघा. दगडी भिंत बाहेरून जाड दिसते पण पुष्कळदा ती दोन भिंती असतात, बाहेरची आणि आतली, मधी दगडगोटे आणि माती. दोन्हीला बांधून ठेवणारे आरपार दगड नसले की ती पोट काढते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला पहाटे जे झालं ते अशाच भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, वजनानं झालं, आणि तेव्हाच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्यामुळं "शंभर वर्षं उभी आहे की" हे मला सांगू नका. हातोडीनं हळू ठोकत जायचं, टणक आवाज आला तर बरं, बद्द आवाज आला तर खडूनं गोल करायचा. दोरी लावून भिंत ओळंब्यात आहे का बघायचं. पोट काढलेल्या भागात थोडी माती काढून आरपार भोक, त्यात दोन्हीकडं आकडा वळवलेली सळई, आणि काँक्रीट, साधारण मीटरभर अंतरावर, शिवाय वरच्या कडेनं सलग पट्टा. किल्लारीनंतर हेच काम आम्ही गावोगाव केलं, महाग नाही, फक्त चिकाटीचं आहे आणि उभं राहून करून घ्यावं लागतं.

भेगांचं एक सांगतो. आपली जमीन काळी, पावसात फुगते उन्हाळ्यात आकसते, भेगा त्यानं पण पडतात. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा, तारीख लिहा. काच फुटली तर भेग चालू आहे, नाही फुटली तर जुनी आहे. पण हे एक उन्हाळा आणि एक पावसाळा दोन्ही बघितल्याशिवाय कळत नाही. तीन महिन्यात डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) द्या म्हणणाऱ्यांना हे पटत नाही, नाही पटलं तर नाही.

आता माझं फसलेलं. पहिल्या जिनिंगला चुन्यातली जुनी दगडी भिंत होती, खालच्या हातभर भागाला लोणा (ओलीबरोबर वर येणारा खार) लागलेला, खपल्या पडायल्या होत्या. मी तेव्हा तरणा आणि शहाणा. सगळं खरवडून मस्त सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं, रंग दिला, फोटो आले पेपरात. दोन पावसाळे गेले आणि एक दिवस वॉचमनचा फोन, साहेब, भिंत सोलायली. गेलो तर प्लास्टरचा पलंगाएवढा पापुद्रा खाली, आणि त्याच्याबरोबर दगडाचे कपचे पण निघून आलेले. जमिनीतली ओल चुन्यातून बाहेर निघून जायची, मी सिमेंटनं तिचं तोंड बांधलं, ती आतल्या आत वर चढली आणि खार घेऊन बाहेर फुटली. नंतर सगळं काढून चुन्यानं दरजा भरून घेतल्या, खर्च दुप्पट. भिजवलेला चुना, वाळू, विटांची भुकटी, गूळ-हिरड्याचं पाणी, हे जाणणारे म्हातारे गवंडी अजून आहेत आपल्याकडं, त्यांच्या हाताखाली दोन पोरं द्या, काम पण होईल आणि विद्या पण राहील. भिंतीच्या बुडाशी आधी पाणी तुंबणं बंद करा, चर काढा, मगच चुना. नाहीतर चुना पण काही जादू नाही.

छप्पर कशाचं आहे ते तुम्ही लिहिलं नाही. लोखंडी पत्रा असेल तर ठीक. सिमेंटचे नालीदार पत्रे असतील तर जुन्यात ॲस्बेस्टॉस असणारच समजा, पोरांना वर चढवून फोडायला लावू नका, ड्रिल मारू नका. ओले करून, अख्खे उतरवून, मास्क लावलेल्या माणसांकडून, आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत ठिकाणीच द्यायचे. इंजिनाच्या खोलीत तेल मुरलेली जमीन असेल तर वरचा थर काढून टाका, जुना ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या तेलाला तपासल्याशिवाय हात लावू नका.

कैच्यांचे, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लोखंडी त्रिकोणी चौकटींचे, पाय बघा, जिथं कैची भिंतीवर टेकते तिथं पाखरांची घाण आणि पाणी साठून लोखंड पापडासारखं सुटतं, वरून रंग झकास असतो. जुन्या रिव्हेटच्या लोखंडावर थेट वेल्डिंग करायला फॅब्रिकेटर उड्या मारतो, त्याला थांबवा, धातू तपासा, बोल्टनं जोड. आणि नाटकाचे लाईट त्या कैच्यांना टांगू नका. शेडच्या आत स्वतंत्र लोखंडी चौकट उभी करा, स्वतःच्या पायावर, लाईट-पडदे सगळं तिच्यावर. उद्या काढायची म्हणलं तर काढता पण येते.

आवाजाचं गणित जरा सविस्तर सांगतो कारण ह्याच्यावरच नाट्यगृहं मरतात. समजा तुमचा शेड ३० मीटर लांब, १२ मीटर रुंद, सरासरी उंची ७, म्हणजे अडीच हजार घनमीटर हवा. रिकाम्या शेडमध्ये टाळी वाजवा, चार-पाच सेकंद घुमत राहील. कीर्तनाला, टाळ-मृदंगाला ते एकवेळ चालतं, नाटकाला नाही, संवादाला साधारण एक ते सव्वा सेकंद पाहिजे. साबाइनच्या सूत्रानं (आवाज किती वेळ घुमतो ते काढायच्या) हिशोब लावला तर दोनशे माणसं बसलेली धरून पण अडीचशे-तीनशे चौरस मीटर जागेवर आवाज पिणारं काहीतरी लावावं लागतं. आणि आपल्याकडं दोनशे येतील असं तिकीट छापतो आणि साठ येतात, म्हणून माणसांच्या भरवशावर न राहता थोडं जास्तच लावा. काय लावायचं? बाजारातले पॅनल महाग. तुम्ही जिनिंगमध्ये बसलात हे विसरू नका. लाकडी चौकटीत चार इंच कापूस, हलका, दाबून न भरलेला, वरून बारदान किंवा जुनी लुगडी, भिंतीपासून दोन इंच सोडून, जमलं तर गावातल्या बायकांकडून वाकळीसारखे टाके घालून. दिसायला आर्किटेक्टच्या थ्रीडीपेक्षा शंभरपट भारी दिसतं हे माझं मत. पण कापूस आणि कापड दोन्ही बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून वाळवल्याशिवाय आत आणायचं नाही. एक तुकडा बाहेर नेऊन काडी लावून बघा, पेट घेऊन पळाला तर परत भिजवा. शेवटचा शब्द अग्निशमनवाल्यांचा, ते नको म्हणले तर दुसरं काहीतरी. आणि पत्र्यावर पाऊस पडला की नाटक बंद, हे टाळायला पत्र्याखाली दुसरा थर लागतोच, तो उन्हाला पण उपयोगी.

आगीवरून आठवलं, ह्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिल कंपाऊंडमध्ये, म्हणजे जुन्या मिलच्याच जागेत, १४ माणसं गेली. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जिनिंगचे सरकते दरवाजे दिसायला छान, ते ठेवा, पण बाहेर पडायचा रस्ता म्हणून धरू नका, गर्दी ढकलायला लागली की सरकता दरवाजा उघडत नाही. समोरासमोरच्या टोकांना बाहेर उघडणारे दरवाजे वेगळे करा, फायर एनओसी घ्या, आणि आगीची यंत्रणा चालू आहे म्हणून दर सहा महिन्यांनी द्यायचा तो फॉर्म बी खरंच तपासून द्या. वायरिंग सगळं नवीन. जुन्यातला एक तुकडा पण ठेवू नका.

पाणी. इथं तुम्ही श्रीमंत आहात. समजा सगळ्या छपरांचं मिळून १००० चौरस मीटर होतं. आपल्याकडं सरासरी ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि थोडं वाया गेलं धरलं तरी वर्षाला साडेपाच-सहा लाख लिटर. एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली होती आठवतं, तिच्यात पाच लाख लिटर होतं आणि सगळा देश बघत होता. तेवढं पाणी तुमच्या पत्र्यावरून दर साल गटारात जायलंय. पन्हाळ नीट करा, पहिल्या पावसाचे दोनेक हजार लिटर बाहेर सोडा, बाकी वाळू-खडीच्या गाळणीतून हौदात, हौद भरला की विहिरीत. दोनशे माणसांच्या कार्यक्रमाला संडास-हातपाय धरून हजार लिटर लागतं, वर्षाला शंभर कार्यक्रम केले तरी एक लाख. झाडांना उरतंय. पत्रे ॲस्बेस्टॉसचे असेपर्यंत प्यायला मात्र वापरू नका.

उन्हाचं पण तसंच. मे महिन्यात त्रेचाळीस डिग्रीत पत्र्याच्या शेडला एसी लावणं म्हणजे चाळणीत पाणी. वरून पांढरा रंग किंवा चुना, खालून थर, माथ्यावरची फट उघडी, खालून गार बाजूनं हवा, आणि मार्च ते मे कार्यक्रम रात्री आठनंतर पटांगणात. संभाजीनगरच्या पाणचक्कीत कधी उन्हाळ्यात गेलात का? वरच्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत आहे, बाहेर रस्ता तापलेला आणि आत बसलं की अंगावर गारवा. पीठ दळायची गिरणी होती ती, पाण्यावर चालणारी. आपल्या आजूबाजूला असलं शिकायला असताना आपण कॅटलॉग बघत बसतो. तुमच्या हौदाला लागून एखादी खोली असेल तर तिची भिंत बंद करू नका, उन्हाळ्यातली तीच तुमची मिटिंग रूम.

सोलर जरूर करा, पण जुन्या कैच्यांवर नाही, निदान तपासल्याशिवाय नाही. पॅनलचं वजन फार नसतं, वारा खालून उचलतो तो प्रश्न आहे, वळवाच्या वादळात पॅनल पत्र्यासकट जातं. पार्किंगवर सांगाडा करून १० किलोवॅट टाकलं तर दिवसाला साधारण ४० युनिट येतात. पण मग ती दिवसाची वीज वापरणार कोण? नाटक तर रात्री. हे बघा, परत मंगळवार अकरा वाजता.

त्याचं माझं उत्तर ऐकून मंडळातल्या कवींचा चेहरा पडतो. अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी. तुमच्या गाठींच्या गोदामात, तिथली जमीन गाठींचं वजन पेलायला केलेली आहे, पुस्तकांचे रॅक सहज झेपतात, वाचनालय आणि अभ्यासिका तिथं आणा, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. ऐंशी जागा, सहाशे रुपये महिना म्हणलं तर ४८ हजार, हॉलच्या भाड्याचे दहा दिवस तीन-तीन हजारानं धरले तर तीस. एक व्यवस्थापक, दोन वॉचमन, झाडलोट, लाईट, किरकोळ दुरुस्ती ह्याला लाखाच्या आसपास लागणार. म्हणजे अजून वीसेक हजार कमी पडतात, ते चहा-नाष्ट्याच्या गाळ्यातून, बचत गटाला द्या. आकडे तुमच्या गावाचे टाका, पण कागदावर टाका. शिवाय पोरं दिवसभर असली की जागेला कुणी वाईट नजर लावत नाही, आणि संध्याकाळी बाहेर तालीम चालू असली की त्यातलीच दोन येऊन उभी राहतात. एक पोरगी अशीच अभ्यासिकेतून उठून आंबेडकरी जलशाच्या तालमीला बसायला लागली, आता तीच लाईट सांभाळते.

लग्नाचं म्हणाल तर सगळ्यात जास्त पैसा तिथंच आहे हे मला माहितीये, आणि मंडळातला कुणीतरी दुसऱ्याच मिटिंगला हा विषय काढणार. शेडमध्ये लग्न नको. डीजेच्या धक्क्यानं जुन्या भिंतीचा चुना झडताना मी बघितलाय, आणि एकदा तारखा धरल्या की तालमीला जागा मिळत नाही, दोन सीझनमध्ये मंगल कार्यालय होतं. द्यायचंच तर पटांगण, वर्षात मोजके दिवस, डीजे नाही, आणि हे नियमात आधी लिहून ठेवा, नंतर लिहिता येत नाही कारण नंतर पाव्हण्यांचंच लग्न असतं.

धुराड्याला पहिल्या वर्षी हात लावू नका, निळे लाईट तर नकोच. वर पिंपळ आलेला असणार, तो ओढून काढू नका, विटा घेऊन येतो. खोड कापून मुळं हळूहळू मारायची, वीजरोधक तार आहे का बघायची, आणि तोवर धुराड्याच्या उंचीएवढ्या अंतरात कुणी बसणार नाही असं कुंपण. त्या अंतरात तुमचा एखादा शेड येत असेल तर तो शेवटी उघडा.

तेव्हा अकरा कोटी बाजूला ठेवा. पहिल्या वर्षात कागद, यादी, काचपट्ट्या, पन्हाळ, हौद, संडास आणि पटांगणातले सहा कार्यक्रम. दुसऱ्या वर्षी गोदाम. शेड तिसऱ्या वर्षी, तोवर तुम्हालाच कळेल त्यात काय पाहिजे. मला भिंतींचे फोटो पाठवताना शेजारी माणूस उभा करून काढा म्हणजे माप कळतं, आणि छपराचा आतून एक काढा. हौदात गाळ किती आहे तेवढं बांबू घालून बघून ठेवा, मृग लागायच्या आत तो उपसून झाला तर ह्याच पावसाचं पाणी धरता येईल.